ब्रिटनने ब्रेक्झिटवर दुसऱ्यांदा मत घ्यायला हवं होतं का?

पाचपाखाडी
तलावपाळीला फेऱ्या मारून झाल्या की आम्ही चारपाच जण चहाला थांबतो, तिथे परवा ब्रेक्झिटचा विषय निघाला आणि त्यातले दोघं इतके तापले की अजून एकमेकांशी बोलत नाहीयेत. म्हणून इथे जरा सविस्तर मांडतो, कारण मला हा विषय फक्त इंग्लंडचा वाटत नाही. लोकांना एकदा विचारलं की परत कधी विचारायचं, आणि विचारायचं की नाही, हा कुठल्याही लोकशाहीतला प्रश्न आहे.

माझं मत आधीच सांगतो. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं, पण तोच प्रश्न नाही. २३ जून २०१६ ला कागदावर काय होतं, युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं. बाहेर पडायला १ कोटी ७४ लाख, राहायला १ कोटी ६१ लाख. ५१.९ विरुद्ध ४८.१. ठीक आहे, जास्त मतं ती जास्त मतं, त्याबद्दल वाद नाही. पण "राहायचं" म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं, आहे तसंच चालू. "बाहेर" म्हणजे काय? नॉर्वेसारखं बाहेर राहून एकाच बाजारपेठेत, की कॅनडासारखा नुसता व्यापार करार, की काहीच करार नाही? प्रचारात एकेक नेता एकेक सांगत होता. मग तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मेंनी दोन वर्षं खपून करार आणला आणि १५ जानेवारी २०१९ ला तो ४३२ विरुद्ध २०२ ने पडला. स्वतःच्याच पक्षाच्या शंभराहून जास्त खासदारांनी पाडला. मार्चमध्ये आणखी दोनदा पडला. म्हणजे बाहेर पडायला बहुमत, पण बाहेर पडण्याच्या कुठल्याच एका वाटेला बहुमत नाही. अशा वेळी तो करार लोकांसमोर ठेवून "हा हवा, की आहे तिथेच बरे" एवढं विचारलं असतं तर लोकशाही बुडाली नसती असं मला मनापासून वाटतं.

कोपरी पूर्व
पाचपाखाडी साहेब, नाही पटलं, अजिबात नाही.

मतदानाआधी ब्रिटनच्या सरकारने घरोघरी पत्रक टाकलं होतं. पत्रक राहण्याच्या बाजूचं, सरकारी खर्चाने छापलेलं, आणि त्यातच स्वच्छ लिहिलेलं की निर्णय तुमचा आहे, तुम्ही ठरवाल ते सरकार करणार. मतदान किती झालं, ७२.२ टक्के, १९९२ नंतरच्या कुठल्याही सार्वत्रिक निवडणुकीपेक्षा जास्त, म्हणजे जी माणसं एरवी मतदानाला बाहेरच पडत नव्हती, आमच्या एरियात तसाही मजूर पक्षच येतो मग कशाला जा म्हणणारी, ती त्या दिवशी रांगेत उभी राहिली कारण त्या दिवशी प्रत्येक मत सारखं मोजलं जाणार होतं. संडरलँड घ्या, इंग्लंडमधलं बोस्टन घ्या, बोस्टनला तर ७५ टक्क्यांवर लोक बाहेर म्हणाले. कारखाने गेलेले, बंदरं बसलेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं मत जिंकलं. आणि तुम्ही त्यांना सांगणार की थांबा, तुम्हाला नीट कळलं नव्हतं, परत या?

२०१७ च्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांनी जाहीरनाम्यात लिहिलं की निकाल आम्हाला मान्य. त्या दोघांना मिळून ८२ टक्के मतं पडली. त्याच्याही आधी फेब्रुवारी २०१७ मध्ये खासदारांनी ४९८ विरुद्ध ११४ ने बाहेर पडायची नोटीस द्यायचा कायदा पुढे नेला. मग दोन वर्षांनी त्यातल्याच लोकांना साक्षात्कार झाला की परत विचारू या. हरलेल्यांना दुसरी संधी द्यायची ही पद्धत एकदा पडली की मग जिंकण्याला अर्थच काय राहतो.

खारघरवाली
माझा भाऊ तेव्हा स्लाऊला होता, वर्क व्हिसावर, पासपोर्ट भारतीयच. तरी त्याला मत होतं! इथे बऱ्याच जणांना हे माहीत नसेल, तिथे राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना त्या सार्वमतात मतदान करता येत होतं. आणि त्याच्या शेजारची पोलिश बाई, तिची मुलं तिथेच जन्मलेली, तिला मत नव्हतं. आयरिश, माल्टा आणि सायप्रसवाले सोडले तर युरोपातल्या कुणालाच नव्हतं. तिचं सगळं आयुष्य पणाला लागलेलं आणि ती घरी बसलेली, माझा भाऊ जाऊन मत देऊन आला.

आणि त्याने मत दिलं बाहेर पडायला. आईला धक्काच बसला होता. त्याचं म्हणणं, युरोपातला माणूस बॅग उचलून येतो आणि आपल्याला मात्र व्हिसा, पगाराची अट, आईवडिलांना आणायचं म्हटलं तर जवळपास अशक्य, हा कसला न्याय. प्रीती पटेल तर उघड सांगत होत्या की बाहेर पडलो तर करी हाऊसना आपल्याकडचे आचारी आणता येतील. ते कितपत झालं हा वेगळा विषय. पण २०१८ मध्ये मी त्याला विचारलं, आता करार बघून परत मत द्यायला लागलं तर? म्हणाला परत तेच देईन. म्हणून सांगते, दुसरं मत म्हणजे निकाल उलटणारच असं धरून जे बोलतात ते माझ्या भावासारख्यांना ओळखत नाहीत.

पाचपाखाडी
ताई, बरं झालं लिहिलंत. निकाल उलटावा म्हणून मी दुसरं मत मागतच नाहीये. तुमच्या भावाने करार बघून परत बाहेर म्हटलं असतं आणि ५५ टक्क्यांनी म्हटलं असतं, तर तो करार मग कुणालाच अडवता आला नसता. तीन वर्षं संसद जी ठप्प होती ती झाली नसती.

कोपरी साहेब, हरलेल्यांना संधी हे मी नाकारतो. आपल्याकडच्या सोसायटीचंच बघा, ठाण्यात प्रत्येकाच्या घरी हे चालू आहे. रिडेव्हलपमेंटला आधी जनरल बॉडी ठराव करते की बिल्डिंग पाडून नवी बांधायची. मग पीएमसी, म्हणजे प्रकल्पाचा सल्लागार, नेमतात, फिजिबिलिटी रिपोर्ट येतो, टेंडरं येतात, आणि मग परत मीटिंग, रजिस्ट्रारच्या माणसासमोर, की हा डेव्हलपर, इतका जादा कार्पेट, इतकं भाडं, इतका कॉर्पस, मंजूर आहे का. आमच्याकडे पहिल्या ठरावाला हात वर केलेले कितीतरी जण दुसऱ्या वेळी ऑफर बघून नाही म्हणाले. त्यांना कुणी गद्दार म्हटलं नाही. पाडायचं हे तत्त्व झालं, ऑफर हा व्यवहार, दोन्हीला संमती लागते.

कोपरी पूर्व
सोसायटीत पहिल्या ठरावालाच प्रत्येकाला माहीत असतं की दुसरी मीटिंग होणार आहे. नियमात आहे. २०१६ ला कुणी सांगितलं होतं की हे पहिलं मत, करार आल्यावर दुसरं होईल? उलट सांगितलं की हे शेवटचं. खेळ संपल्यावर नियम बदलायचा आणि वर म्हणायचं आम्ही न्याय करतोय.

ऐरोली सेक्टर ८
नियमांचा मुद्दा निघालाच आहे तर दुसऱ्या देशांचं टाकतो, कारण परत मत घेणं ही काही ब्रिटनमध्ये सुचलेली आयडिया नाही.

डेन्मार्कने जून १९९२ मध्ये युरोपियन युनियनचा मास्ट्रिख्ट करार नाकारला, ५०.७ टक्के नाही. मग युरोपने त्यांना चार गोष्टींतून सूट दिली, त्यात युरो चलन आणि संरक्षण होतं, आणि मे १९९३ मध्ये परत विचारलं तर ५६.७ टक्के हो. आयर्लंडने नीसचा करार २००१ मध्ये नाकारला, मतदान फक्त ३५ टक्क्यांच्या आसपास, पुढच्या वर्षी परत घेतलं तर जवळपास निम्मे लोक आले आणि ६३ टक्के हो म्हणाले. लिस्बन करार २००८ मध्ये नाकारला, २००९ मध्ये ६७ टक्क्यांनी मंजूर. दर वेळी मधे काहीतरी बदललं होतं हे लक्षात घ्या. आयर्लंडला लिस्बनच्या वेळी करआकारणी, लष्करी तटस्थता, गर्भपात या विषयांवर लेखी हमी मिळाली आणि युनियनच्या कार्यकारी मंडळात प्रत्येक देशाचा एक कमिशनर राहील हेही मिळालं. म्हणजे नुसतं "परत विचार कर" नव्हतं.

कोपरी पूर्व
ही यादी वाचून माझं मत आणखी पक्कं होतंय. सगळीकडे नाही आलं की परत विचारलं. हो आल्यावर कुठे परत विचारलं ते दाखवा. आणि २००५ चं का नाही लिहिलंत? फ्रान्सने युरोपची राज्यघटना ५५ टक्क्यांनी नाकारली, दोनतीन दिवसांत नेदरलँड्सने ६१ टक्क्यांनी. मग त्यातलं बरंचसं लिस्बन करारात घालून दोन्ही देशांत संसदेतून मंजूर केलं, लोकांना विचारलंच नाही. सामान्य माणसाला हे दिसतं. ब्रिटनमध्ये लोक चिडले ते उगाच नाही.

ऐरोली सेक्टर ८
हो आल्यावर परत विचारलेलं एक तर ब्रिटनच आहे की. १९७५ मध्ये ६७ टक्के म्हणाले राहू या, २०१६ मध्ये परत विचारलं. २००५ चं मात्र तुमचं बरोबर आहे, ते चुकीचंच झालं.

नेरूळ पश्चिम
मी वयाने बहुतेक तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असेन. आजोळ पेडण्याचं, म्हणून मला हे सगळं वाचताना डेन्मार्क नाही आठवत, गोवा आठवतं. आपल्या मराठी माणसाने सार्वमत जवळून बघितलंय आणि हरूनही बघितलंय, हे या चर्चेत अजून कुणी काढलं कसं नाही?

१६ जानेवारी १९६७, जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. विलीनीकरणाला १,३८,१७०, संघप्रदेशाला १,७२,१९१. चौतीस हजारांचा फरक. आजोळी तेव्हा घरात चूल पेटली नव्हती असं आई सांगायची. मराठी शाळा, देवळातली भजनं, बेळगाव-सावंतवाडीची सोयरीक, हे सगळं असूनही आपण महाराष्ट्राचे नाही असं कागदावर ठरलं, हे त्या पिढीला फार लागलं. दुसऱ्या बाजूला दक्षिण गोव्यातल्या साष्टीत लोक आनंदाने रस्त्यावर आले, त्यांनाही आपली भाषा, आपलं वेगळेपण वाचलं असंच वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं.

आता पुढचं ऐका. विलीनीकरण हाच ज्यांचा झेंडा होता ते भाऊसाहेब बांदोडकर, कौल निष्पक्ष व्हावा म्हणून आधी राजीनामा देऊन बाजूला झाले होते. कौल हरले. आणि दोनतीन महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा त्याच गोव्याने त्यांच्याच मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाला परत निवडून दिलं, भाऊसाहेब परत मुख्यमंत्री! त्यांना म्हणता आलं असतं की बघा, लोकांचं मन बदललं, परत कौल घ्या. मुंबईत तेव्हा कितीतरी गोवेकर होते, त्यांना कौलात मत नव्हतं, त्यावरूनही भांडता आलं असतं. दुसरा कौल झाला नाही. १९८७ मध्ये गोवा स्वतंत्र राज्य झालं आणि तो विषय मिटला. त्या जखमेचं आज पेडण्यातल्या पोरांना नावही माहीत नाही. म्हणून मी कोपरीवाल्यांच्या बाजूने. हरलेल्याने हार पचवली की गाव एकत्र राहतं.

पाचपाखाडी
काका, हे तुम्ही लिहिलंत म्हणून धागा काढल्याचं समाधान झालं. पण मी यातून वेगळं काही घेतो. फूल म्हणजे काय ते मतदाराला माहीत होतं. महाराष्ट्र समोर होता, त्याचं सरकार, त्याचे कायदे, त्याची भाषा, सगळं दिसत होतं. दोन पानं म्हणजे चालू आहे तसं. दोन्ही गोष्टी डोळ्यांनी बघता येणाऱ्या. आता कल्पना करा, कौलात नुसतं विचारलं असतं की "केंद्रशासित राहायचं की नाही", आणि नाही जिंकल्यावर अर्धे म्हणाले महाराष्ट्रात जाऊ, बाकीचे म्हणाले कर्नाटकात, काही म्हणाले स्वतंत्र राज्य. तेव्हा परत विचारण्यावाचून गत्यंतर होतं का? ब्रिटनमध्ये हेच झालं. गोव्यात परत विचारावं लागलं नाही कारण पहिल्यांदा नीट विचारलं होतं.

घोडबंदर रोड
मूळ अडचण कुणी बोलतच नाहीये. दुसऱ्या मताच्या कागदावर लिहिणार काय?

थेरेसा मेंचा करार की राहायचं, असे दोनच पर्याय ठेवले तर ज्यांना करार न करता बाहेर पडायचंय ते म्हणणार आमचा पर्याय कुठाय, हा कट आहे. तीन ठेवले तर बाहेरवाल्यांची मतं दोन ठिकाणी फुटणार आणि ३८ टक्क्यांवर "राहायचं" जिंकणार, दंगलच व्हायची. पसंतीक्रम लावायचा तर तो कसा मोजायचा यावर वर्षभर भांडण. आणि वेळ? युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या कॉन्स्टिट्यूशन युनिटने हिशोब केला होता की कायदा करून, निवडणूक आयोगाकडून प्रश्न तपासून, प्रचाराला मुदत देऊन कमीत कमी २२ आठवडे लागतील. बाहेर पडायची तारीख होती २९ मार्च २०१९.

संसदेतही १ एप्रिल २०१९ ला हे मतदानाला आलं होतं. जो काही करार होईल त्यावर लोकांचं मत घ्या, हा प्रस्ताव २८० विरुद्ध २९२ ने पडला. बारा मतं. त्याच रात्री कस्टम्स युनियनचा, म्हणजे युरोपशी आयात शुल्क एकच ठेवण्याचा, प्रस्ताव तीन मतांनी पडला, २७३ विरुद्ध २७६. मला तर ते तीन मतांनी पडलेलं जास्त लागतं, तडजोड तिथे होती आणि दुसरं मत हवं असलेल्यांपैकी काहींनी तिला हात दिला नाही, कारण त्यांना सगळं परत हवं होतं.

खारघरवाली
घोडबंदर, हे खरंय, भाऊ पण तेच म्हणायचा.

पण स्कॉटलंडचं काय? तिथे ६२ टक्के राहायचं म्हणाले, उत्तर आयर्लंडमध्ये जवळपास ५६ टक्के. आयर्लंडच्या सीमेवर परत चेकपोस्ट आले तर उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता कराराचं काय होणार हा प्रश्न २०१६ च्या प्रचारात इंग्लंडमध्ये कितीसा आला होता? नंतर सगळी घोडी तिथेच अडली. हे पुढे आल्यावर परत विचारणं मला तरी दगाबाजी वाटत नाही. मी दोन्हीकडची आहे, सॉरी.

कोपरी पूर्व
स्कॉटलंडचं नाव काढलंत तर मग पूर्ण काढा. २०१४ मध्ये स्वतंत्र व्हायचं का यावर ५५ टक्के नाही म्हणाले. ब्रेक्झिट झाल्यावर ते म्हणतात परिस्थिती बदलली, परत घ्या. लंडन म्हणतं नाही, झालं एकदा, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनच्या संसदेच्या, संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला ते घेता येणार नाही. आता ज्यांना ब्रेक्झिटवर परत मत हवं होतं त्यांनी स्कॉटलंडला कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? आणि स्कॉटलंडला हो म्हटलं आणि तिथे ५२-४८ आलं, तर मग तिसरं? क्वेबेकने १९८० मध्ये घेतलं, १९९५ मध्ये परत घेतलं, फरक राहिला एका टक्क्याच्या आसपास. तेव्हाच्या कुटुंबांत काय झालं असेल विचार करा.

आणि पाचपाखाडी साहेब, लोकांना विचारलंच नाही असं नाही. डिसेंबर २०१९ ची निवडणूक. मजूर पक्ष उघड म्हणाला आम्ही दुसरं सार्वमत घेऊ. लिबरल डेमोक्रॅट्स म्हणाले आम्ही ब्रेक्झिट रद्दच करू. पंतप्रधान बोरिस जॉन्सन म्हणाले ब्रेक्झिट करून विषय संपवून टाकू. लोकांनी जॉन्सनना ८० चं बहुमत दिलं, मजूर पक्ष २०२ जागांवर आला, आणि ज्या खाणकामगारांच्या गावांत तो पिढ्यान्‌पिढ्या हरला नव्हता तिथे हरला. तेच उत्तर होतं.

पाचपाखाडी
८० चं बहुमत, पण मतं ४३.६ टक्के. जागांचं गणित आणि लोकांचं गणित वेगळं असतं हे तुम्हीच वर म्हणालात ना, की सार्वमतात प्रत्येक मत सारखं मोजलं जातं म्हणून लोक रांगेत उभे राहिले. मग त्याच लोकांच्या नावाने निवडणुकीचा निकाल सार्वमतासारखा कसा वाचता? निवडणुकीत माणूस दवाखाना, पगार, नेत्याचा चेहरा सगळ्यावर मत देतो. काकांच्या गोव्यात तर एकाच वर्षात दोन उत्तरं आली, सरकार मगोचं पण विलीनीकरण नको.

हे मात्र मी मानतो की पुढचं सगळं २०१५ च्या कायद्यातच बिघडलं होतं. त्या कायद्यात निकालानंतर काय करायचं हे लिहिलंच नव्हतं. २०११ मध्ये मतदानपद्धतीवर सार्वमत झालं तेव्हा कायद्यातच होतं की हो आलं तर सरकारने नवी पद्धत लागू करायची. २०१६ ला तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरॉन यांना खात्री होती की आपण जिंकणार, म्हणून हरलो तर काय याचा विचारच नाही. एवढ्या मोठ्या देशाच्या भवितव्याशी असं वागणं मला आजही संतापजनक वाटतं.

ऐरोली सेक्टर ८
जिंकणार-हरणारवरून आठवलं. २०१६ मध्ये ४१ लाखांवर सह्या झालेली ती ऑनलाइन याचिका, की विजयी बाजूला ६० टक्के नसतील आणि मतदान ७५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर परत घ्या. ती निकालाच्या आधी मे महिन्यात टाकली होती एका बाहेर पडायच्या समर्थकाने, कारण त्याला वाटत होतं आपण हरणार! निकालानंतर राहायचंवाल्यांनी धावत जाऊन तिच्यावर सह्या केल्या. बाहेर पडायच्या बाजूचे नेते नायजेल फराजही मतदानाआधी म्हणाले होते की ५२-४८ ने हरलो तर विषय संपलेला नसेल. म्हणजे दोन्ही बाजूंना दुसरं मत हवं होतं, फक्त आपण हरलो तर.

म्हणून अट आधी ठरवा. तीही नीट. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या विधिमंडळासाठी मधेच एक अट घुसवली की एकूण मतदारांच्या ४० टक्के हो पाहिजेत. ५१.६ टक्के हो आले, पण एकूण मतदारांच्या ३३ टक्केही नाही, म्हणून बारगळलं, आणि ती कटुता १९९७ पर्यंत राहिली. न्यूझीलंडने चांगलं केलं. मतदानपद्धत बदलायची का आणि बदलायची तर कुठली, हे १९९२ मध्ये विचारलं. १९९३ मध्ये जुनी विरुद्ध जिंकलेली नवी, असं पक्कं मत घेतलं. मग २०११ मध्ये परत विचारलं, ठेवायची का, ५७.८ टक्के म्हणाले ठेवा. तीन वेळा विचारलं आणि देश फुटला नाही.

नेरूळ पश्चिम
न्यूझीलंडचं मला माहीत नव्हतं. वाचतो.

एक विचारतो कोपरीवाल्यांना, खरंच जाणून घ्यायचंय म्हणून. किती वर्षांनी परत विचारलेलं तुम्हाला चालेल? १९७५ ते २०१६ म्हणजे ४१ वर्षं. २०१६ ला जो सातवीत होता तो आज नोकरी करतो आणि त्याला कुणी कधीच विचारलेलं नाही.

कोपरी पूर्व
काका, वर्षांचं बंधन नाही माझं. आधी दिलेला शब्द पाळा, तो अनुभवू द्या, मग विचारा. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला, म्हणजे शब्द पाळला. आता उद्या कुणी परत आत जाण्यावर सार्वमत घेतलं तर मी विरोध करणार नाही, तो हरलेल्यांचा हट्ट नाही, तो नवा प्रश्न आहे. फक्त कागदावर सगळं लिहा. युरो घ्यावा लागणार का, मुक्त येजा परत सुरू, वर्षाला पैसे किती भरायचे, जुनी सूट मिळणार की नाही. नुसतं "परत जायचं का" असं विचारलं तर मी पहिला विरोध करीन.

ऐरोली सेक्टर ८
हे सगळं आधी कळणं अवघड आहे. युरोपियन युनियनच्या कराराच्या कलम ४९ प्रमाणे आधी अर्ज, मग वाटाघाटी, मग सगळ्या सदस्य देशांची संमती. अटी शेवटी कळतात. त्यामुळे मत घ्यायचं तर वाटाघाटी झाल्यावर, करार हातात आल्यावर. नॉर्वेने तसंच केलं, १९७२ ला आणि १९९४ ला. दोन्ही वेळा सरकारने करार करून आणला, लोकांपुढे ठेवला आणि लोक नाही म्हणाले, आधी ५३.५ टक्के, नंतर ५२.२. ब्रिटनइतकाच काठावरचा निकाल, पण त्या नाहीचा अर्थ काय हे कुणाला विचारत बसावं लागलं नाही.

कोपरी पूर्व
हे मान्य. पण त्या दोन मतांमध्ये २२ वर्षं गेली होती, तेही लिहा.